ठेकेदाराचे एक लाख साठ हजार

ताळेबंद : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच घेतली आहेत. पहिल्यानेच निम्मी जागा खाल्ली, त्याला इलाज नाही. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : ताई, संगमेश्वर तालुक्यात आमचं साडेचार एकर रान आहे. सातबारावर आम्ही तिघे भाऊ. मी गावात, मधला डोंबिवलीला, धाकटा चिपळूणला. लाकडाचा ठेकेदार रानाचे एक लाख साठ हजार उक्ते द्यायला तयार आहे. मधल्याच्या मुलीची इंजिनीअरिंगची फी आहे, तो म्हणतो देऊन टाकू, पंधरा वर्षांत रान परत फुटतं. रानात आईन, किंजळ, कुंभा आणि पऱ्याच्या (ओहोळाच्या) कडेला बेहड्याची तीन जुनी झाडं. एकाच्या ढोलीत दर वर्षी धनेश बसतो. गेल्या साली वाळवलेला बेहडा २६० किलो विकला, १४ रुपये किलोने. पऱ्याचं पाणी मार्चअखेरपर्यंत पाटाने माझ्या साठ पोफळींना येतं. शेजाऱ्याने २०१६ साली त्याचं रान दिलं, त्याचा पऱ्या आता संक्रांतीलाच आटतो. त्याने पंप आणि पाइपात बेचाळीस हजार घातले, वर लाइटचं बिल वर्षाला पाच हजार. द्यावं की न द्यावं? (स. रा.)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात आकडे आहेत म्हणून आधी तुमचे आभार. 'जंगल वाचवावं का' असा नुसता प्रश्न आला की मला काही सुचत नाही. मी एकतीस वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली, निबंधाची सवय नाही. कागद पुढे ओढून बेरीज-वजाबाकी करता येते, तीच करते.

तोडायचं ठरलं असं धरू. एक लाख साठ हजार आले. शेजाऱ्यासारखाच तुमचा पऱ्या लवकर आटला तर पंपाला बेचाळीस हजार गेले, उरले एक लाख अठरा हजार. सात टक्क्यांनी ठेव ठेवली तर वर्षाचं व्याज ८,२६० रुपये. त्यातून लाइटबिल पाच हजार, उरले ३,२६०. बेहड्याचं उत्पन्न ३,६४० होतं, ते बंद. म्हणजे तोडून वर्षाला ३८० रुपये तोटा. जळण, कवळ (भाजावळीचा पाला), गुरांची चराई यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही.

आता मधल्या भावाची बाजू. रान परत फुटतं हे त्याचं म्हणणं खरं आहे. आईन-किंजळाच्या खुंटांना धुमारे येतात आणि पंधरा वर्षांत परत तोडीला येतात. तेव्हा परत एक लाख साठ हजार मिळतील असं मानू. आज अठ्ठावन्न हजार सात टक्क्यांनी ठेवले तर पंधरा वर्षांनी तेवढे होतात, म्हणून या रकमेचं आजचं मोल अठ्ठावन्न हजार, आणि त्याचं वर्षाचं व्याज चार हजार साठ. ३८० चा तोटा वजा केला तर तोडण्याची बाजू वर्षाला ३,६८० रुपयांनी वर येते. तिघांत वाटले तर माणशी सव्वाबाराशे.

इतकी चुरशीची गोष्ट आहे ही. जाणकार म्हणवणारे दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे बोलतात तेव्हा मला हसू येतं ते यामुळे. पंधरा वर्षांनी खोडं इतकी जाड नसतील, भाव इतका येणार नाही, असं धरलं तर पारडं फिरतं. बेहड्याला गिऱ्हाईक मिळालं नाही तर परत उलटं फिरतं.

पण इथवर केलेला हिशेब एका काल्पनिक घराचा आहे. तिघे भाऊ एका चुलीवर जेवतात असं धरून. खरं पान तुमचं एकट्याचं काढू. ठेकेदाराच्या पैशातले तुमच्या वाट्याला ५३,३३३ येणार. पंप मात्र पूर्ण तुमचा, कारण पोफळी तुमच्या. उरले ११,३३३, त्याचं व्याज वर्षाला आठशे रुपयेसुद्धा नाही. लाइटबिल पूर्ण तुमचं, बेहडा गोळा करून वाळवत होतात तुम्ही आणि वहिनी, ते उत्पन्नही गेलं. तुमचा तोटा वर्षाला ७,८०० च्या पुढे. डोंबिवलीच्या भावाच्या पानावर ५३,३३३ जमा, खर्चाच्या बाजूला काही नाही. तो लबाड नाही हो. त्याच्या पानावर पऱ्या येतच नाही.

हे त्याला तोंडी सांगू नका, भांडण होईल. दोन्ही पानं कागदावर लिहून गणपतीला घरी येईल तेव्हा पुढ्यात ठेवा. बँकेत मी पाहिलं आहे, तोंडी बोलण्यावर माणूस चिडतो, आकड्यावर विचार करतो.

पाण्याबद्दल एक कबुली. झाडं पाणी धरून ठेवतात असं आपण सरसकट म्हणतो, ते तितकं सरळ नाही. झाडं पाणी पितातही, आणि रान तुटल्यावर पहिली एक-दोन वर्षं ओढ्याला पाणी वाढल्यासारखं दिसू शकतं. माती धुपली, तुडवली गेली आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबलं की उन्हाळ्यातला झरा जातो. तुमच्याकडे किती जाईल ते जांभ्यावर माती किती जाड आहे यावर. शेजाऱ्याचा पऱ्या हा तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, पण तो एकच आहे. त्याच ओहोळावर आणखी कोणी तोड केली असेल तर त्यालाही विचारा.

द्या की देऊ नका, यात माझं मत विचाराल तर ठेकेदाराला तिसरा प्रश्न विचारा : पऱ्याकडची उतरण आणि ती तीन झाडं वगळली तर किती देशील?

हा प्रश्न मला माझ्या मावसभावाने शिकवला. त्याचं सहा एकर रान होतं, ठेकेदार दोन लाख म्हणत होता. भावाने घळीकडचं सुमारे चाळीस टक्के रान वगळायचं म्हटल्यावर ठेकेदाराने आढेवेढे घेतले आणि पावणेदोन लाखांवर आला. रानाचे पाचातले दोन हिस्से वाचले आणि पैसे कमी झाले फक्त पंचवीस हजार. कारण ठेकेदार मोजतो ते रस्त्याकडचं लाकूड. घळीतलं ओंडकं माणसांच्या खांद्यावरून वर काढावं लागतं, मजुरी लाकडाला खाते. तो भाग त्याला नकोच असतो, पण उक्त्यात आयता मिळाला तर कटर मारून टाकतो. आणि आपल्या दृष्टीने बघाल तर पाणी, माती, ढोलीची जुनी झाडं, सगळं त्या घळीतच. त्याला सगळ्यात स्वस्त तेच आपल्याला सगळ्यात महाग. असा भाग बहुतेक प्रत्येक रानात निघतो, कोणी विचारत नाही एवढंच.

मोठ्या प्रमाणावर लोक हेच करतात. पॅराग्वे देशात म्बारकायू नावाचं राखीव जंगल आहे. त्याच्या भोवतालच्या प्रदेशाचा नायडू आणि रिकेट्स या दोघा संशोधकांनी असा तुकड्या-तुकड्याने हिशेब मांडला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. जंगल राखलं तर शेतीचं किती उत्पन्न हुकतं ते एका नकाशावर, आणि लाकूड, शिकार, औषधी शोध, कार्बन, नुसतं जंगल असण्याचं मोल अशा पाच लाभांचे आकडे दुसऱ्यावर. थोड्या थोड्या अंतरावर दोन्ही आकडे प्रचंड बदलत होते. प्राण्यांना ये-जा करायला पट्टा राखायचा तर कोणता, याचे पर्यायही त्यांनी याच पद्धतीने तपासले आणि एक बाकीच्यांपेक्षा कितीतरी उजवा ठरला. त्याआधी संवर्धनाच्या आराखड्यांत बहुधा किती जाती, किती एकर एवढंच मोजत. जमिनीचा भाव जागोजाग वेगळा असतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, तज्ज्ञांना ते कागदावर आणायला वेळ लागला. असो.

तुमच्यासाठी अजून दोन वाटा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, बहुतेक रान तुमच्यासारख्यांच्या सातबारावर. म्हणून पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तुमच्या भागात रानमालकांशी करार करते, तोडू नये म्हणून मोबदला देते. बेहड्याची फळं झाडाला धक्का न लावता गोळा केली, काही ढोलीवाल्या झाडांना हात लावला नाही, तर फेअरवाइल्ड मानांकनाखाली परदेशी औषधी चहावाल्यांकडून चांगला दरही मिळवून दिला आहे त्यांनी. तुमच्या २६० किलोंना तो मिळेल का, हे त्यांनाच विचारा. दुसरी वाट घरातली. मधल्याची नड खरी आहे, फीची तारीख पऱ्यासाठी थांबत नाही. रस्त्याकडच्या दोन एकरांचे पैसे आधी त्याला द्या, त्याबदल्यात घळ तुमच्या नावे लिहून घ्या. आणि अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, झाडांच्या तोडीला वनखात्याची परवानगी लागते. 'ते मी बघतो' असं ठेकेदार म्हणेल, पण अर्जावर सह्या तुमच्या तिघांच्या असतात, त्या कोऱ्या कागदावर करू नका.

राहिला धनेश. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, नर फटीतून महिनोन् महिने भरवतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. त्याचा रकाना मी कोरा ठेवला आहे. आमचे एक मॅनेजर होते, अर्जात रकाना कोरा दिसला की अर्ज परत पाठवायचे. म्हणायचे, शून्य असेल तर शून्य लिहा, माहीत नसेल तर तसं लिहा, कोरं ठेवलंत तर वरचा माणूस शून्य वाचतो. तेव्हा त्यांचा राग यायचा. तुमच्या पानावर मी धनेशापुढे 'माहीत नाही' असं लिहिते आहे, शून्य नाही.

एक माझंही ऐका. १९९४ साली मी तुमच्याच बाजूच्या एका लाकूड ठेकेदाराचं ट्रकचं कर्ज मंजूर केलं. खातं एकदाही थकलं नाही, नव्या मुलांना मी ते नमुना खातं म्हणून दाखवायची. आठ-दहा वर्षांनी त्याच वाड्यांतून विहीर आणि पंपाच्या कर्जाचे अर्ज येऊ लागले. तेही मी मंजूर केले, त्या वर्षी आमचं उद्दिष्ट फेब्रुवारीतच पूर्ण झालं आणि शाखेत पेढे वाटले. दोन्ही फाइली एकाच कपाटात, वरच्या आणि खालच्या खणात होत्या.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. निसर्गाची किंमत रुपयांत करणं मला पटत नाही. आई विकत मिळत नाही, मग नदी-जंगलाची किंमत कशी काढायची? आणि जगाच्या निसर्गाची किंमत ३३ लाख कोटी डॉलर असं नोट्समध्ये आहे, ते खरं का? (पुणे)

उत्तर : आकडा खरा आहे. रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये तो मांडला. निसर्गाकडून मिळणाऱ्या सतरा प्रकारच्या सेवांची वर्षाची किंमत सरासरी ३३ लाख कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या सगळ्या जगाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. परीक्षेत लिहा, गुण मिळतील. त्यावर मायकेल टोमन या अर्थशास्त्रज्ञाने मारलेला शेराही लिहा : अनंताला धरलेली ही फारच कमी किंमत आहे. सगळा निसर्ग गेला तर किंमत सांगायला कोण उरणार?

सगळ्याची किंमत काढणं पोरखेळ आहे. एवढं कमी झालं तर काय होतं, हे काढणं उपयोगाचं. यात तुमचं-माझं पटेल असं वाटतं, कारण आईची किंमत कोणी करत नाही, पण आई महिनाभर दवाखान्यात असली की घराचा खर्च किती वाढतो ते सगळ्यांना कळतं.

गिधाडांचं उदाहरण घ्या. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा होती. सकाळी बैल टाकला तर दुपारच्या जेवणापर्यंत हाडं उरायची. आम्ही पोरं लांबून बघायचो, पंखांचा आवाज गोधडी झटकल्यासारखा यायचा. एरवी त्या पक्ष्याबद्दल कोणी चांगलं बोललं नाही. घरावर बसलं तर शांती करायचे. नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून अधिक संपली. कारण सापडायला २००४ उजाडलं, ते सापडलं पाकिस्तानात. आपल्याकडे गुरांसाठी बंदी आली २००६ साली.

आता हिशेब. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, जिथे पूर्वी गिधाडं राहण्याजोगी होती ते जिल्हे आणि जिथे नव्हती ते जिल्हे, यांतले मृत्युदर आधीचे आणि नंतरचे ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली असा त्यांचा निष्कर्ष, २०२४ साली प्रसिद्ध झाला. सडकी मढी, पाण्यात उतरणारी घाण, भटकी कुत्री, रेबीज. माणसाच्या जिवाला धरायची ती किंमत धरून नुकसान वर्षाला ६,९४० कोटी डॉलर. जिवाला किंमत धरणं मलाही बोचतं. पण हा आकडा १९९५ साली कोणाच्या टेबलावर असता, तर गुरांचं एक औषध बदलायला किती खर्च येतो ते कोणीतरी विचारलं असतं. मेलोक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना चालतं. म्हणजे एका पारड्यात दोन औषधांच्या किमतीतला फरक होता, दुसऱ्यात हे सगळं. गिधाडाचा रकाना कोरा होता, वरच्या माणसाने शून्य वाचलं.

तेव्हा पटत नाही म्हणून आकडा काढूच नये, हे मला पटत नाही. आकडा आला म्हणजे निकाल लागला, हेही नाही. देवराईतली फांदी तोडायला आमच्या गावात अजून कोणी धजत नाही, तिथे मी कॅल्क्युलेटर काढणार नाही. जिथे भीड उरली नाही तिथे काढते.

प्रश्न : मॅडम, ताडोबाच्या बाजूला आमचं गाव. वाघ सरकारचा, डुक्कर सरकारचं, अन् सोयाबीन माझं. रोज रात्री घरधनी जागलीला जातेत. जिप्सीवाले, रिसॉर्टवाले पैसे कमावतेत. जंगलापासून फायदाच फायदा आहे असं पेपरात लिहून येते, तो फायदा जातो कुठं? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : ताई, कुठे जातो ते सांगते, ऐकून बरं वाटणार नाही.

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचा हिशेब काढला, २०१९ मध्ये आणखी दहांचा, त्यात आपला मेळघाट आहे. पहिल्या सहांत कॉर्बेट होतं. त्याचा लाभ वर्षाला सुमारे १,४७० कोटी रुपये. त्यातले १,०६५ कोटी कशाचे? जनुकांचा साठा जपल्याचे. म्हणजे उद्या कुठल्या पिकाला, औषधाला उपयोगी पडेल ते आज राखून ठेवल्याचं मोल. ते साऱ्या जगाचं. पाण्याचे १६१ कोटी, ते खाली उत्तर प्रदेशच्या जिल्ह्यांचे. दिल्लीचं पाणी शुद्ध होतं त्याचे ५५ कोटी, ते दिल्लीकरांचे. आकडे खोटे नाहीत. पण ते कोणाच्या खात्यात जमा आहेत ते बघा, आणि कॉर्बेटच्या कडेला रात्री शेत राखणाऱ्याचं खातं त्यात शोधा.

तुमच्याकडे तसंच आहे. फायदा लांब लांब पसरतो आणि पातळ होतो, तोटा मात्र कुंपणाला चिकटून असतो. ताडोबाच्या पश्चिमेकडच्या शेतांवरचा एक अभ्यास २०१६ साली आला होता, जंगलाच्या कडेपासून लांब जावं तसं पिकाचं नुकसान उतरत जातं असं त्यात दिसलं. हे तुम्हाला कोणी अभ्यास करून सांगायला नको होतं.

भरपाई मिळते ती पंचनाम्यात दिसतं तेवढ्याची. जागलीची भरपाई कोणत्याच अर्जात नाही. घरधनी हंगामात सत्तर रात्री जागलीला गेले आणि रात्रीला गावच्या मजुरीचे तीनशे धरले तर एकवीस हजार झाले. आणि तुमची जागल चांगली असेल तर पंचनाम्याला नुकसानच दिसत नाही, म्हणजे भरपाईही नाही. जो राखतो तो बुडतो. याउलट कंटाळून काठाचं शेत पडीक ठेवणाऱ्याचं नुकसानही कोणी मोजत नाही, कारण पीकच नाही. तुम्ही एक करा, कॅलेंडरवर जागलीच्या रात्रींना खूण करत जा. ग्रामसभेत तोंडी तक्रार आणि बारा घरांची बारा कॅलेंडरं यांत फरक पडतो.

गावासाठी मागायचं ते बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांच्या योजनेतून मागा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे, गॅस, सौर कुंपण वगैरे त्यातून येतं. कुंपण एकट्याने घेतलंत तर डुक्कर शेजारच्या शेतात जाईल आणि शेजारीण तुमच्याशी बोलायची बंद होईल. चक संपूर्ण घेता आला तर बघा. आणि पर्यटनाचे पैसे किती येतात, गावाच्या समितीकडे किती पोचतात, हे ग्रामसभेत लेखी विचारा. उत्तर आलं तर मला कळवा, छापू. नाही आलं तरी कळवा.

प्रश्न : जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क आला आणि जाळं कापून सोडला तर पैसे मिळतात असं ऐकलं. किती? (हर्णै)

उत्तर : मिळतात, नुकसान बघून पंचवीस हजारांपर्यंत. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी २०१८च्या शेवटी हे सुरू केलं. कापायच्या आधी प्राणी जाळ्यात आहे असे, कापताना आणि सोडल्यावर असे फोटो काढा, मोबाइल चार्ज केलेला असू द्या. नावेचे कागद आणि बँक पासबुक अर्जाबरोबर लागतं.

मला ही योजना आवडते, कारण यात ज्याच्या हातात सुरी आहे त्यालाच पैसे मिळतात. पूर्वी कायद्याच्या भीतीने प्राणी गुपचूप सोडायचे किंवा मेला तर गुपचूप टाकायचे, कोणाला पत्ता नाही. आता फोटो येतात, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे काय अडकतं त्याची आपोआप नोंद होते. तुमचा त्या दिवसाचा बुडालेला धंदा, डिझेल आणि खलाशांचा रोज मात्र त्यात येत नाही, फक्त जाळं. तेवढं मनाशी धरून चला.

प्रश्न : धरण किंवा खाणीसाठी जंगल दिलं तर सरकार एका हेक्टरचे किती घेतं? आणि पैसे भरले की जंगल भरून निघतं का? (सावंतवाडी)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केलेले दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख होते. जंगलाचा प्रकार आणि दाटी बघून ठरतात. २०२२च्या जानेवारीपासून ९.५७ लाख ते १५.९५ लाख झाले. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. बदली झाडं लावायचा खर्च वेगळा.

चौदा वर्षं दर तेच राहिले, तेवढ्या काळात तुमच्या सावंतवाडीत बिनशेती जमिनीचा भाव किती वाढला ते तुम्हीच सांगा. दर जुना राहिला की घेणाऱ्याला जंगल दर वर्षी स्वस्त पडत जातं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात : पैसे भरले जातात तो हेक्टर एका जिल्ह्यात आणि झाडं लागतात ती बऱ्याचदा दुसऱ्या, त्यामुळे तुमच्याच जिल्ह्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या जायफळवर्गीय झाडांच्या दलदलीसारखी जागा असेल, तर तिच्यासाठी पावती फाडून उपयोग नाही, ती दुसरीकडे लावता येत नाही. म्हणूनच २०२१ साली ती जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली, हे बरं झालं.

दुरुस्ती : मागच्या अंकात गुहागरच्या वाचकाला उत्तर देताना मी हेक्टरचे एकर करायला २.२ने गुणलं. २.४७ हवं होतं, २.२ हे किलोचे पौंड करायचं गणित. त्यांच्या आमराईचं क्षेत्र त्यामुळे कमी दिसलं आणि एकरी उत्पन्न फुगलं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. नवा आकडा त्यांना पोस्टकार्डाने कळवला आहे.